निकाल आधी, खेळ मागाहून

पुण्याच्या ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ने निर्मिलेला ‘राजी : ॲन एन्शंट एपिक’ हा व्हिडिओ गेम १८ ऑगस्ट २०२० रोजी प्रथम निन्टेन्डो स्विच या यंत्रावर अवतरला, आणि ते यंत्र त्या वेळी भारतात अधिकृतपणे विकलेच जात नसल्यामुळे, वर्धा, हिंगणघाट वा आर्वीच्या चाहत्याला संगणकावरील आवृत्तीसाठी १५ ऑक्टोबरपर्यंत तिष्ठत बसणे प्राप्त झाले. तोवर विदेशी समीक्षकांचे फैसले येऊन थडकले होते : राजस्थानी वास्तुशिल्पाची आणि छायाबाहुल्यांतून सांगितलेल्या कथेची मुक्तकंठाने प्रशंसा, पण लढाईतील शैथिल्याची आणि अकस्मात आटोपणाऱ्या शेवटाची तक्रार. स्वदेशाभिमानी चाहत्याला ती झोंबणे स्वाभाविकच. तथापि न खेळलेल्या खेळाची वकिली त्याने कोणत्या पुराव्यावर करावी? शेवटाविषयीची तक्रार, माझ्या मते, रास्तच होती.