शुद्ध सरकी आणि शेतकी खातं : हुबळी-धारवाडच्या कापसाचा धडा

उणकलचं तळं आणि चंद्रमौळेश्वराचं देऊळ पाहायला येणाऱ्यांना आसपासच्या काळ्या जमिनीचा इतिहास सहसा कुणी सांगत नाही. 1956 पर्यंत धारवाड जिल्हा मुंबई इलाख्यात (स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्यात) होता. त्यामुळे इथल्या शेतीचे निर्णय पुणे-मुंबईच्या कचेऱ्यांतून व्हायचे. ते शेतकी खातं कसं सुधारलं, आणि कुठे अडलं, हे इथल्या कापसावरून चांगलं कळतं.

खात्याच्या आधी

1840 च्या दशकात कंपनी सरकारने अमेरिकन मळेवाले आणून परदेशी कापसाचे प्रयोग केले. त्यातला एक फार्म हुबळीजवळच्या कुसुगलला होता. धारवाडचे कलेक्टर शॉ यांनी करवती जीनचा पुरस्कार केला. या भागात रुजलेल्या अमेरिकन वाणाला 'धारवाड-अमेरिकन' हे नाव पडलं. शेजारी जुना देशी 'कुमठा' कापूस होताच. कुमठ्याच्या बंदरातून जायचा, म्हणून ते नाव.

1861 ते 65 च्या अमेरिकन यादवी युद्धात भाव कडाडले आणि भेसळही वाढली. सरकारने 1863 मध्ये कापूस भेसळीविरुद्ध कायदा केला, तपासनीस नेमले. पण नुसत्या शिक्षेने रोग बरा होईना, कारण त्याचं मूळ जीनमध्ये होतं. तिथे निरनिराळ्या शेतांतला कापूस एकत्र पिंजला जायचा. सरकी मिसळायची, आणि तीच सरकी शेतकरी पेरणीसाठी घरी न्यायचा. काही वर्षांत चांगलं वाण बिघडायचं. शिवाय स्वच्छ माल आणणाऱ्यालाही मिसळीच्याच मालाचा भाव मिळायचा. मग मेहनत कशासाठी घ्यायची?

खातं उभं राहिलं

1876-78 च्या दुष्काळाने धारवाड जिल्हा पोळून निघाला. 1880 च्या दुष्काळ आयोगाने प्रांतोप्रांती शेतकी खाती काढा, असं सांगितलं. मुंबई इलाख्यात ते खातं निघालं खरं, पण जमिनीच्या नोंदींशी जोडलेलं. डायरेक्टरचा वेळ कागदांतच जायचा. खरा बदल 1905 नंतर झाला. लॉर्ड कर्झनच्या सरकारने प्रांतांतल्या शेतकी कामासाठी वर्षाला 20 लाख रुपये द्यायचं ठरवलं. पुढच्या काही वर्षांत पुण्याचं शेतकी कॉलेज स्वतंत्र झालं आणि डॉ. हॅरॉल्ड मॅन त्याचे प्रिन्सिपॉल झाले. धारवाडच्या सरकारी फार्मवर जी. एल. कोट्टूर यांनी कुमठा कापसावर निवडीचं काम केलं. 'धारवाड नं. 1' आणि 'गदग नं. 1' ही सुधारित वाणं याच काळातली.

बियाण्यापासून बाजारापर्यंत

शुद्ध बी तयार झालं तरी जुना प्रश्न होताच : ते शुद्ध ठेवायचं कसं? उत्तर सहकारात सापडलं. गदग तालुक्यातल्या कणगिनहाळला 1905 मध्येच सहकारी पतपेढी निघाली होती. 1915 मध्ये हुबळीत कापूस विक्रीची सहकारी सोसायटी स्थापन झाली. अशा सोसायट्यांपैकी देशातल्या अगदी पहिल्यांत तिची गणना होते. 1917 मध्ये गदगला दुसरी निघाली. सुधारित कापूस वेगळा गोळा करायचा, त्याची प्रत लावायची आणि एकत्र विकायचा, ही पद्धत. आता चांगल्या मालाला चांगला भाव मिळण्याची वाट तयार झाली. शेतकऱ्याला उपदेशापेक्षा हा हिशेब लवकर पटला.

1921 पासून शेतकी खातं प्रांतातल्या भारतीय मंत्र्यांकडे आलं. तालुका विकास मंडळं निघाली. 1923 च्या कापूस वाहतूक कायद्याने बाहेरचा हलका कापूस चांगल्या पट्ट्यात आणण्यावर बंधन घालता येऊ लागलं. 1925 मध्ये जीन-प्रेस कारखान्यांसाठी कायदा झाला, आणि 1927 मध्ये मुंबई इलाख्यात कापूस बाजारांसाठी.

अडलं कुठे?

मॅन यांनी 1917 मध्ये पुण्याजवळच्या पिंपळे सौदागरचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात जमिनीचे तुकडे आणि कर्जाचं ओझं स्पष्ट दिसलं. कापसाच्या गावीही तेच. ज्याने अडत्याकडून किंवा सावकाराकडून उचल घेतली, त्याचा माल त्याच्याच दारात जायचा, मग सोसायटीचा भाव कितीही चांगला असो. लॉर्ड लिनलिथगो यांच्या शाही शेतकी आयोगाने 1928 च्या अहवालात शेतीबरोबरच कर्ज, सहकार, बाजार आणि शिक्षण यांचाही विचार केला, तो उगाच नाही.

म्हणजे खात्याची सुधारणा केवळ जास्त अधिकारी नेमून झाली नाही. बी, जीन, बाजार आणि पतपुरवठा हे चारही दुवे जुळले तिथे काम झालं. एक जरी निसटला, तरी फार्मवरचं यश फार्मवरच राहिलं.

1947 मध्ये मुंबई सरकारने धारवाडला शेतकी कॉलेज काढलं. 1986 मध्ये त्याच्याभोवती कृषी विद्यापीठ उभं राहिलं. उणकलहून धारवाडला जाणं झालं, तर त्या आवारात जरूर डोकावा. आपल्या भागातल्या जुन्या जीनच्या इमारती, सोसायट्यांची दप्तरं, घरातल्या कापसाच्या पट्ट्या-पावत्या हाही वारसाच आहे. देवळाच्या दगडासारखा तो टिकत नाही, म्हणून आधी जपायला हवा.