ब्रेक घाटमाथ्यावरच सुटतात

बोरघाटात ब्रेक निकामी झाल्याची बातमी आता कोणाला नवी वाटत नाही. 26 जुलै 2025 रोजी खोपोलीजवळ द्रुतगती मार्गाच्या उतारावर कंटेनर ट्रेलरने वीसच्या आसपास वाहनांना धडक दिली, एका महिलेचा जीव गेला आणि मथळ्यांत पुन्हा 'ब्रेक फेल' हे दोन शब्द झळकले. या शब्दांमुळे संकट अचानक कोसळल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात त्याची सुरुवात बहुतेक वेळा घाटमाथ्यावर, चुकीच्या गिअरमध्ये झालेली असते.

कर्जत स्थानकालगतच्या भिसेगावात पुण्याकडे जाणाऱ्या रेल्वेगाड्यांना मागून जोडले जाणारे बँकर, म्हणजे चढावर ढकलणारी जादा इंजिने, लहान मुलांनाही ठाऊक असतात. उतरणाऱ्या गाड्यांची शिस्त मात्र फारशी चर्चेत येत नाही. 1863 मध्ये सुरू झालेल्या बोरघाटातील या रेल्वेमार्गाचा कमाल चढ 37 मीटर अंतराला एक मीटर, म्हणजे रेल्वेच्या मानाने फारच तीव्र आहे. त्यामुळे मंकी हिल, ठाकूरवाडी यांसारख्या ठिकाणी कॅच सायडिंग, म्हणजे मुख्य मार्गापासून फुटून चढावर जाऊन संपणारा फाटा ठेवलेला असून सांधा एरवी त्या फाट्याकडेच लावलेला असतो. गाडी तेथे पूर्ण थांबली, म्हणजेच तिचे ब्रेक शाबूत असल्याचे सिद्ध झाले, तरच तिला पुढचा मार्ग मिळतो. ब्रेक लागणार नाहीत असे गृहीत धरून घाट उतरण्याची ही पद्धत रस्त्यावरील चालकाला कोणी शिकवत नाही, हे खेदजनक आहे.

मोटारीचे ब्रेक वेगाचे रूपांतर उष्णतेत करतात. डिझेल-पेट्रोल वाचवण्यासाठी गाडी न्यूट्रलवर सोडली की इंजिनाचा अटकाव नाहीसा होतो आणि सारा भार पॅड व डिस्कवर पडतो. पॅड तापल्याने त्यांची पकड सुटते, तर जुन्या ब्रेक ऑइलमध्ये शोषलेल्या ओलाव्यामुळे ते लवकर उकळून त्याची वाफ होते आणि पेडल मऊ पडून खाली जाते. डॉट 3 प्रतीचे ताजे ऑइल किमान 205 अंश सेल्सिअसपर्यंत तग धरते, ओलावा मुरल्यावर ही मर्यादा 140 अंशांपर्यंत उतरू शकते. कोकणच्या पावसाळ्यात हा फरक क्षुल्लक मानता येणार नाही.

पेडल खाली गेलेच, तर ते भराभर दाबत राहावे, कारण मोटारींत ब्रेकचे दोन स्वतंत्र मार्ग असतात आणि एक गळाला तरी दुसऱ्यात दाब तयार होऊ शकतो. त्याच वेळी गिअर एकेक करून खाली आणावा (ऑटोमॅटिक गाडीत 'एल' किंवा मॅन्युअल मोड), धोक्याचे दिवे व हॉर्न चालू ठेवावेत आणि हँडब्रेक बटण दाबून धरून हळूहळू ओढावा; एकदम ओढल्यास मागची चाके जाम होऊन गाडी फिरते. इंजिन बंद करणे सर्वांत घातक, कारण त्याने ब्रेकला मिळणारी निर्वात बळाची मदत दोन-तीन दाबांत संपते, स्टिअरिंग जड होते आणि किल्ली काढल्यास ते लॉकही होऊ शकते. काहीच साधले नाही, तर डोंगराकडील कडेला तिरके घासत गाडी थांबवणे दरीकडे वळण्यापेक्षा शतपटीने बरे.

ॲक्सिलरेटर अडकल्यास उपाय नेमका उलटा आहे. ऑगस्ट 2009 मध्ये कॅलिफोर्नियात महामार्ग पोलीस दलातील अनुभवी अधिकारी चालवत असलेल्या मोटारीत पायपुसण्याची चटई पेडलवर अडकली आणि त्याच्यासह कुटुंबातील चौघे दगावले. अशा वेळी प्रथम न्यूट्रल टाकावा, मग ब्रेक एकदाच घट्ट दाबून धरावा, सोडू नये. इंजिन ओरडले तरी ओरडू द्यावे. चालकाच्या पायाशी पाण्याची बाटली आणि एकावर एक दोन चटया ठेवण्याची सवय मात्र आजच सोडावी. टायर फुटल्यास स्टिअरिंग दोन्ही हातांनी सरळ धरून पाय ॲक्सिलरेटरवरून उचलावा आणि ब्रेकची घाई करू नये.

येत्या रविवारी लोणावळ्याहून परतण्यापूर्वी गाडीमालकांनी मेकॅनिकला ब्रेक ऑइल शेवटचे केव्हा बदलले एवढेच विचारावे. दोन वर्षे उलटली असतील किंवा तारीख कोणालाच सांगता येत नसेल, तर ते बदलून घ्यावे आणि घाट उतरताना ज्या गिअरने चढ चढला असता, तोच गिअर ठेवावा.