रात्री येणारे दूरचे आवाज

दिवसा आपल्या रेडिओवर मध्यम लहरींची जवळपासची दोन-तीन केंद्रं लागतात. रात्री तोच काटा फिरवून पाहा. कोकण किनाऱ्यावर असाल तर अरबी, फारसी, उर्दू कानावर पडेल. रेडिओ तोच, घर तेच. मग हे पाहुणे आले कुठून?

जमिनीपासून साठ ते नव्वद किलोमीटर उंचीवर सूर्यप्रकाशामुळे विद्युतभारित कणांचा एक थर तयार होतो. त्याला ‘डी’ थर म्हणतात. तो मध्यम लहरी गिळून टाकतो. म्हणून दिवसा फक्त जमिनीलगत आलेल्या लहरी आपल्यापर्यंत पोचतात. सूर्य मावळला की हा थर विरतो. लहरी आणखी वरच्या थरांपर्यंत जातात, तिथून परततात आणि हजार-दोन हजार किलोमीटरवर उतरतात. वरचे थर सतत हलत असतात, त्यामुळे आवाज भरती-ओहोटीसारखा चढतो आणि उतरतो.

हे सारं मला पुढे कळलं. आधी गरज पडली. २ ऑगस्ट १९९० रोजी इराकनं कुवेतमध्ये सैन्य घुसवलं. माझे अब्बा तिथे एका गोदामात कामाला होते. पत्रं थांबली, फोन लागेना. मी बी.ए.ला होतो. रात्री जेवणं झाली की अम्मी ट्रान्झिस्टर पडवीत आणायची आणि म्हणायची, “लाव रे.” ओमानच्या मसिरा बेटावर तेव्हा बीबीसीचं रिले केंद्र होतं. सुमारे दीड हजार किलोमीटर समुद्र ओलांडून बातम्या यायच्या. पावसाळी रात्र, विजांची खरखर. बातम्या इंग्रजीत, मी ऐकायचो आणि तिला सांगायचो. काही बातम्या गाळायचो. ते तिला कळत असावं, पण ती विचारत नसे.

एकदा आवाज बुडाला तेव्हा चिडून मी सेटच फिरवला आणि शब्द स्पष्ट ऐकू आले. सेटमध्ये फेराइटची काळी कांडी असते, तिच्याभोवती तारेचं वेटोळं. कांडीचं टोक केंद्राकडे असलं तर आवाज सर्वांत क्षीण. कांडी त्या दिशेला आडवी धरली की सर्वांत मोठा. दोन केंद्रं एकमेकांवर चढली तर नको असलेल्याकडे टोक करायचं. एवढी युक्ती पुरते.

अम्मानमार्गे विमानांनी लाखाहून अधिक भारतीय परतले. त्यांत अब्बाही होते. काळजी संपली, सवय राहिली.

या छंदाला ‘डीएक्सिंग’ म्हणतात. तारायंत्रवाल्यांच्या लघुलिपीत ‘डीएक्स’ म्हणजे दूरचं अंतर. आपल्याकडे ५३१ ते १६०२ किलोहर्ट्झपर्यंत दर ९ किलोहर्ट्झवर एक, अशा १२० जागा आहेत. एकेक जागा सावकाश ऐकायची. तारीख, वेळ, जागा आणि ऐकलेला मजकूर वहीत टिपायचा. तासाच्या ठोक्याला केंद्र बहुधा आपलं नाव सांगतं. ते हाती लागलं की ओळख पटली. मग केंद्राला पत्र लिहायचं. तपशील जुळले तर काही केंद्रं पोच म्हणून ‘क्यूएसएल’ कार्ड पाठवतात.

आता दोन अडचणी आहेत. एलईडी दिवे, चार्जर, इन्व्हर्टर यांची घरघर या लहरींवरच बसते. शिवाय गेल्या काही वर्षांत जगभर मध्यम लहरींची अनेक केंद्रं बंद झाली, आपल्या आकाशवाणीचीही. वहीतली कितीतरी नावं आता नुसती नावं उरली आहेत. पण जवळचं मोठं केंद्र गप्प झालं की त्याच जागेवर मागचा एखादा क्षीण आवाज पुढे येतो, हेही खरं.

माळ्यावरचा जुना रेडिओ उतरवा. नवे सेल घाला. रात्री दहाच्या पुढे दिवे आणि चार्जर बंद करून खिडकीपाशी बसा. भाषा कळली नाही तरी चालेल. तासाचा ठोका पडेल तेव्हा मात्र कान द्या. तिकडून कुणीतरी आपलं नाव सांगत असेल.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)