मानेचे पट्टे : हालचाल रोखणारे आणि जीव राखणारे

रुग्णालयातून बाहेर पडणाऱ्या व्यक्तीच्या गळ्याभोवती जाड पट्टा दिसला की पाहणाऱ्याची समजूत एकच होते. मान आता सुरक्षित आहे. प्रत्यक्षात मानेवर चढवली जाणारी साधने एका जातीची नाहीत. काही साधने मान जागेवरून हलू देत नाहीत, काही तिला नुसता टेकू देतात, तर काही मान मोकळी ठेवून बाहेरचा आघात स्वतःवर घेतात. एकाचे काम दुसऱ्याकडून होत नाही. म्हणूनच पट्टा कोणता, कशासाठी आणि किती दिवस, हे तीन प्रश्न पट्ट्याच्या किमतीपेक्षा अधिक महत्त्वाचे ठरतात.

मानेत सात मणके असतात आणि त्यांच्यावर साडेचार ते पाच किलो वजनाचे डोके तोललेले असते. दुसऱ्या मणक्यावर खुंटीसारखा एक उंचवटा असतो व पहिला मणका त्याभोवती फिरतो. डोके डावी-उजवीकडे वळविण्याची सुमारे निम्मी हालचाल या एकाच सांध्यात होते. याच अरुंद जागेतून मज्जारज्जू खाली उतरतो, मेंदूला रक्त पुरविणाऱ्या रोहिण्या वर जातात आणि पुढच्या बाजूस, त्वचेखाली थोड्याच अंतरावर श्वासनलिका असते. मेंदूला कवटी आहे, हृदयाला बरगड्यांचा पिंजरा आहे. मानेला मात्र निसर्गाने कवच दिलेले नाही. दिले असते तर ती वळली नसती. मानेसाठी साधन घडविणाऱ्यांपुढची अडचणही हीच आहे. संरक्षण वाढवावे तर हालचाल कमी होते, आणि हालचाल फार दिवस थांबली तर मानेला धरून ठेवणारे स्नायूच दुबळे होतात.

मऊ पट्टा : आधार कमी, आठवण अधिक

औषधांच्या दुकानात सहज मिळणारा फोमचा मऊ पट्टा सर्वांच्या परिचयाचा आहे. ‘स्पाँडिलायटिस’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मानदुखीत, किंवा झोपेत मान अवघडल्यावरही, तो घरातल्या घरात गळ्यात चढतो. दिसायला जाड असला तरी मान वाकविण्यास वा वळविण्यास तो फारसा अटकाव करीत नाही. हनुवटीला थोडा टेकू, थोडी ऊब आणि ‘मान जपून हलवा’ ही सततची आठवण, एवढेच त्याचे काम म्हणता येईल. तीव्र वेदनेच्या पहिल्या दिवसांत ही आठवणही उपयोगी पडते, हे नाकारता येत नाही.

मोटारीला मागून धडक बसल्यावर मानेला जो हिसका बसतो, त्याच्या उपचारांविषयी कॅनडातील क्विबेक प्रांतात नेमलेल्या तज्ज्ञगटाचा अहवाल १९९५ मध्ये प्रसिद्ध झाला. पट्टा लावून पडून राहण्यापेक्षा रुग्णाने लवकरात लवकर नेहमीच्या हालचाली सुरू कराव्यात, असा त्याचा कल होता. त्यानंतर मऊ पट्ट्याचे वैद्यकीय महत्त्व बरेच घटले.

तरीही पट्टा सरसकट निरुपयोगी ठरत नाही. मानेतील चेतातंतूच्या मुळाशी दाब येऊन हातात कळ जाते, अशा नव्याने सुरू झालेल्या दुखण्याच्या २०५ रुग्णांचा अभ्यास नेदरलँड्समध्ये करण्यात आला व तो २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. तीन ते सहा आठवडे अर्धकठीण पट्टा व विश्रांती घेणाऱ्या, तसेच व्यायामोपचार घेणाऱ्या रुग्णांच्या वेदना सहा आठवड्यांत, काहीही विशेष न करणाऱ्यांपेक्षा अधिक कमी झाल्या. सहा महिन्यांनंतर मात्र तिन्ही गटांत फरक उरला नाही. पट्ट्याने दुखणे बरे केले नाही. दुखण्याचा वाईट काळ सुसह्य केला. हा फरक लक्षात न घेता ठरवून दिलेली मुदत उलटल्यावरही महिनोन्‌महिने पट्टा वापरणारे पुष्कळ आढळतात. ‘काढला की मान दुखते’ ही त्यांची तक्रार खरी असते, पण तिचे एक कारण पट्ट्याने सुस्तावलेले स्नायू हेही असू शकते.

पट्ट्याची उंचीही दुर्लक्ष करण्याजोगी नाही. तो फार उंच असल्यास डोके मागे ढकलले जाते आणि मान मागे झुकली की चेतातंतूंच्या बाहेर पडण्याच्या वाटा आणखी अरुंद होतात. आराम पडण्याऐवजी हातातली कळ वाढली, तर पट्टा मापाचा नाही अशी शंका घ्यावी. हातातील शक्ती कमी होणे, चालताना तोल जाणे, लघवीवरील नियंत्रण सुटणे ही लक्षणे दिसू लागल्यास मात्र पट्ट्याच्या भरवशावर घरी थांबणे धोक्याचे आहे. तेथे मज्जारज्जूवर दाब असण्याची शक्यता असते.

कठीण पट्टा आणि कवटीवरचे कडे

मणक्याचे हाड मोडले असेल किंवा शस्त्रक्रिया झाली असेल, तर फोमने भागत नाही. तेथे पुढचा व मागचा असे दोन भाग जोडून बसविण्याचा कठीण पट्टा लागतो. ‘फिलाडेल्फिया कॉलर’ हा त्यातील प्रसिद्ध प्रकार. तरीही कवटीजवळच्या वरच्या दोन मणक्यांवर अशा पट्ट्याची पकड अपुरीच पडते.

त्यासाठीचे साधन पाहणाऱ्याच्या अंगावर काटा आणणारे आहे. डोक्याभोवती धातूचे कडे बसवून ते स्क्रूंनी थेट कवटीच्या हाडाला पक्के करतात आणि छातीवरच्या कठीण जाकिटाला दांड्यांनी जोडतात. जॅकलिन पेरी आणि व्हर्नन निकेल या अमेरिकी शल्यचिकित्सकांनी १९५९ मध्ये या साधनाची माहिती प्रसिद्ध केली. पोलिओमुळे मानेचे स्नायू लुळे पडलेल्या, डोके स्वतः तोलून धरू न शकणाऱ्या रुग्णांसाठी ते मुळात घडविण्यात आले होते. पुढे मोडलेल्या मानेसाठी त्याचा वापर रूढ झाला. बाहेरून लावण्याच्या साधनांपैकी मान सर्वाधिक स्थिर ठेवणारे साधन हेच मानले जाते.

अपघातस्थळी प्रत्येक जखमीच्या गळ्यात कठीण पट्टा अडकविण्याची पद्धतही आता निर्विवाद राहिलेली नाही. पट्ट्याने मानेतील शिरा दाबल्या जाऊन डोक्यातील दाब वाढू शकतो, श्वासमार्ग मोकळा ठेवणे अवघड होते आणि पट्टा चढविण्याच्या खटाटोपातच मान हलू शकते. प्रथमोपचार करणाऱ्या सामान्य नागरिकांनी असा पट्टा सरसकट वापरू नये, अशी शिफारस पुनरुज्जीवन उपचारांविषयीच्या आंतरराष्ट्रीय समितीने २०१५ मध्ये केली. रस्त्यावर मदतीला धावणाऱ्याने जखमीला शांत राहण्यास सांगावे, डोके दोन्ही हातांनी आहे त्या स्थितीत अलगद धरावे आणि रुग्णवाहिकेची वाट पाहावी.

कंठत्राणाची जुनी परंपरा

मान जखडणे वेगळे आणि तिचे रक्षण करणे वेगळे. दुसऱ्या कामाचा इतिहास फार जुना आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात शस्त्रागाराच्या प्रकरणात शिरस्त्राणाच्या जोडीनेच कंठत्राणाचा उल्लेख येतो. लढणाऱ्याला मान वळवता आली पाहिजे आणि तलवारीचा वार मात्र अडला पाहिजे, ही त्या साधनाची अट आजच्या खेळाडूंच्या साधनांनाही लागू आहे.

मोटार शर्यतीत ती अट फार हुशारीने पाळलेली दिसते. वेगातली गाडी भिंतीवर आदळली की पट्ट्यांनी बांधलेले धड जागीच थांबते, पण शिरस्त्राणाने जड झालेले डोके पुढे झेपावते. या ओढीने कवटीच्या तळाचे हाड मोडते. अमेरिकेतील मिशिगन राज्य विद्यापीठाचे प्राध्यापक रॉबर्ट हबर्ड आणि त्यांचे मेव्हणे, शर्यतपटू जिम डाउनिंग यांनी १९८०च्या दशकात यावर ‘हॅन्स’ हे साधन तयार केले. खांद्यांवर बसणारे हे जू आसनपट्ट्यांखाली दाबलेले राहते आणि दोन छोट्या बंदांनी शिरस्त्राणाला जोडलेले असते. चालक मान वळवू शकतो. डोके पुढे फेकले जाऊ लागले की बंद ताणले जातात व ओढ मानेवर न येता जुवावर जाते. अनेक चालकांनी त्याला अडगळ म्हणून वर्षानुवर्षे दूर ठेवले. १८ फेब्रुवारी २००१ रोजी डेटोना येथे नामवंत चालक डेल अर्नहार्ट यांचा कवटीच्या तळाचे हाड मोडून मृत्यू झाला आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात अमेरिकेतील ‘नॅसकार’ने डोके व मान रोखून धरणारे साधन सक्तीचे केले. फॉर्म्युला वनमध्ये २००३ पासून ‘हॅन्स’ची सक्ती झाली.

क्रिकेटमध्येही हेच घडले. २५ नोव्हेंबर २०१४ रोजी सिडनीच्या मैदानावर ऑस्ट्रेलियाचा फलंदाज फिलिप ह्यूज याला उसळता चेंडू शिरस्त्राणाखाली, मानेच्या डाव्या बाजूस लागला. मणक्यालगतची रोहिणी फाटून मेंदूभोवती रक्तस्राव झाला व दोन दिवसांनी त्याचा मृत्यू झाला. पुढच्याच वर्षी शिरस्त्राणाच्या मागे अडकविता येणारी फोम व प्लास्टिकची कवचे बाजारात आली. तरीही ऑगस्ट २०१९ मध्ये लॉर्ड्सवर जोफ्रा आर्चरचा चेंडू मानेवर लागला तेव्हा स्टीव्ह स्मिथने हे कवच लावलेले नव्हते. ते लावल्यावर घुसमटल्यासारखे होते, असे त्याचे म्हणणे होते. ऑस्ट्रेलियाच्या क्रिकेट मंडळाने १ ऑक्टोबर २०२३ पासून वेगवान व मध्यमगती गोलंदाजी खेळताना मानेचे कवच सक्तीचे केले. ही सक्ती व्यावसायिक क्रिकेटपुरती होती. ऑक्टोबर २०२५ मध्ये मेलबर्न येथे सराव करताना मानेवर चेंडू लागून १७ वर्षांचा एक खेळाडू दगावला. त्याच्या डोक्यावर शिरस्त्राण होते, मानेवर कवच नव्हते.

भारतातील रस्त्यांवर मानेला असलेला धोका वेगळ्याच वस्तूचा आहे. संक्रांतीच्या सुमारास महाराष्ट्र व गुजरातमध्ये, स्वातंत्र्यदिनाच्या आसपास दिल्लीत, पतंगाचा मांजा दुचाकीस्वारांचे गळे चिरतो. सुती दोरा ताण पडताच तुटतो. नायलॉनचा दोरा तुटत नाही, आणि गाडी पुढे जात राहिल्याने तो करवतीसारखा त्वचेत उतरतो. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने जुलै २०१७ मध्ये देशभर अशा मांजावर बंदी घातली, परंतु तो आजही चोरून विकला जातो. त्यामुळे या दिवसांत अनेक शहरांतील दुचाकीस्वार गळ्याभोवती रुंद पट्टा बांधतात किंवा हँडलवर दोरा अडविणारी तार अथवा सळई बसवितात. येथे दवाखान्यातला फोमचा पट्टा भरवशाचा नाही. तो कापण्यापासून वाचविण्यासाठी बनविलेलाच नाही. पट्टा जाड व चिवट हवा, कॉलरच्या वरपासून हनुवटीखालपर्यंतची जागा झाकणारा हवा, आणि आरशात व मागे पाहताना मान वळेल इतपत सैलही हवा. लहान मूल टाकीवर बसवून नेताना दोरा आधी त्याच्या गळ्यापाशी येतो. चालकाने स्वतःच्या गळ्याला बांधलेला पट्टा तेथे कामाला येत नाही. हँडलवरची तार मात्र येऊ शकते.