‘हॅड बीन’ला घाबरताय कशाला?

इंटरव्ह्यूमध्ये हमखास येणारा प्रश्न, ‘कोर्स मध्येच का सोडलास?’ उत्तर डोक्यात मराठीत तयार असतं : ‘बाबा आजारी पडले तेव्हा मी सहा महिन्यांपासून क्लासला जात होतो.’ तोंडातून मात्र निघतं, ‘आय वॉज अटेंडिंग द क्लास सिन्स सिक्स मन्थ्स.’ झाली ना पंचाईत!

गोंधळ आपल्या डोक्याचा नाही, दोन भाषांच्या सवयींचा आहे. आपलं ‘जात होतो’ सगळीकडे चालतं. इंग्रजीत मात्र ‘वॉज अटेंडिंग’ म्हणजे त्या वेळी जात होतो, एवढंच. ‘त्याआधी काही काळ सतत जात होतो’ हे सांगायला लागतो चालू पूर्ण भूतकाळ : ‘आय हॅड बीन अटेंडिंग द क्लास फॉर सिक्स मन्थ्स व्हेन माय फादर फेल इल.’ तुमची सहा महिन्यांची मेहनत या ‘हॅड बीन’मध्ये दिसते.

दुसरा घोळ ‘पासून’चा. आपण ‘सोमवारपासून’ म्हणतो, तसंच ‘सहा महिन्यांपासून’ही. इंग्रजीत सुरुवातीचा क्षण असेल तर ‘सिन्स मंडे’, किती काळ ते सांगायचं तर ‘फॉर सिक्स मन्थ्स’.

आता गंमत बघा. मैत्रिणीचे डोळे लाल दिसले. ‘शी वॉज क्राइंग’ म्हणालात तर ती तेव्हा रडतच होती. ‘शी हॅड बीन क्राइंग’ म्हणालात तर बहुतेक रडून झालं होतं, खूण तेवढी उरली होती.

बरं, हा काळ सोपाही आहे. आय, ही, दे, कुणीही असो, ‘हॅड बीन’ बदलत नाही. पुढे क्रियापदाला ‘आयएनजी’ लावा, झालं. फक्त ‘नो’, ‘बिलीव्ह’ यांसारख्या क्रियापदांना ते सहसा लावत नाहीत. तिथे ‘आय हॅड नोन हिम फॉर टू इयर्स’ म्हणायचं.

आणि शिकलो म्हणून उगाच पेरतही सुटू नका. भूतकाळातल्या दोन गोष्टींचा संबंध जोडायचा असेल तरच हा काळ वापरा. नुसतं ‘दोन वर्षं नोकरी केली’ सांगायचं तर ‘आय वर्क्ड देअर फॉर टू इयर्स’ पुरे.

आज रात्री एक करा. दहावी-बारावीतली एखादी आठवण घ्या. ती घडली तेव्हा तुम्ही किती दिवसांपासून काय करत होतात, हे आरशासमोर तीन वाक्यांत मोठ्यानं बोला. अडखळलात तर घरीच अडखळाल. इंटरव्ह्यूत जीभ आपोआप वळेल!