गुरांमागे गेलेली शाळा

मुंबई विद्यापीठाच्या नव्या अभ्यासक्रमात पदवीच्या विद्यार्थ्याला आता वर्गाबाहेरच्या कामाचेही श्रेयांक मिळतात. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणामुळे ‘समुदाय सहभाग’ वेळापत्रकात आला. पालघरला केळवे-माहीमच्या मातीतल्या सोनोपंत दांडेकरांच्या नावाचे कॉलेज आहे. बोईसर-तारापूरच्या कामगार वस्त्यांतली मुले, डहाणू-विक्रमगडच्या पाड्यांवरची मुले, किनाऱ्यावरची मच्छीमारांची मुले अशीच कॉलेजे गाठतात. समाजात जाऊन काम करायचे म्हटले की त्यांच्या डोळ्यांपुढे पहिल्यांदा एनएसएसचा कॅम्प येतो: दत्तक गाव, सात दिवसांचा मुक्काम, श्रमदान, वनराई बंधारा, पथनाट्य, समारोपाचा कार्यक्रम. त्या सात दिवसांत शहराकडे तोंड करून बसलेल्या मुलांना आपलाच जिल्हा दिसतो आणि काहींना तो आयुष्यभर पुरतो. ही काही लहान गोष्ट नव्हे.

पण याच जिल्ह्यात एका संस्थेने ऐंशी वर्षांपूर्वी असाच तळ टाकला, आणि तो उठलाच नाही. बोईसरहून गाडी वाणगाव, डहाणू रोड करत घोलवडला येते. तिथून जवळच कोसबाडची टेकडी. चिकूच्या वाड्या मागे पडतात, जमीन चढू लागते आणि वारल्यांचे पाडे सुरू होतात. कॉलेजांनी समाजाशी नाते कसे जोडावे याची चर्चा जिथे जिथे होते, तिथे या टेकडीचे नाव आधी निघायला हवे.

संस्थेचा इतिहास थोडक्यात असा. ताराबाई मोडक या पदवीधर, राजकोटच्या बार्टन संस्थेत काम केलेल्या बाई. पुढे भावनगरच्या दक्षिणामूर्तीत गिजुभाई बधेकांबरोबर त्यांनी बालशिक्षणाचा पाया घातला. १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला, १९३६ मध्ये दादरला शिशुविहार उभे राहिले. मध्यमवर्गीय मुलांसाठी हे सारे उत्तम चालले होते, पण खेड्यातल्या मुलाचे काय, हा प्रश्न ताराबाईंना सोडत नव्हता. १९४५ मध्ये, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, त्या बोर्डीला आल्या आणि त्यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले. आचार्य भिसे यांच्यामुळे बोर्डीत शिक्षणाची आस आधीपासूनच रुजलेली होती. काही वर्षांनी, १९५७ च्या सुमारास, काम आदिवासींच्या अधिक जवळ म्हणजे कोसबाडला हलले. १९६२ मध्ये ताराबाईंना पद्मभूषण मिळाले. १९७३ मध्ये त्या गेल्या.

१९४५ हे सालही ध्यानात ठेवण्याजोगे आहे. त्याच वर्षी गोदावरी परुळेकरांच्या नेतृत्वाखाली तलासरी-डहाणूत वारल्यांचा लढा पेटला होता. लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी नवरा-बायको दोघांनी सावकाराच्या घरी राबायचे, ही लग्नगडीची चाल मोडायची होती. वेठबिगार मोडायची होती. पांढऱ्या कपड्यांतला माणूस पाड्यावर आला म्हणजे सावकार, ठेकेदार नाहीतर जंगलखात्याचा माणूस, एवढेच वारल्यांना ठाऊक. अशा काळात लुगडे नेसलेल्या दोन शिक्षिका मुलांना न्यायला दारात उभ्या राहिल्या, तर आयांनी मुले घरात दडवली यात नवल नाही.

त्या दोघींतल्या दुसरीविषयी जरा थांबून सांगायला हवे. अनुताई वाघ १९१० साली मोरगावला जन्मल्या. तेराव्या वर्षी लग्न झाले आणि सहा महिन्यांत वैधव्य आले. त्या काळात अशा मुलीचे पुढचे आयुष्य कसे जाणार हे बहुधा ठरलेले असे. अनुताई शिकल्या. फायनल, मग पुण्याचे ट्रेनिंग कॉलेज, मग खेड्यातली नोकरी, मग हुजूरपागेत शिक्षिकेचे काम. मॅट्रिक रात्रशाळेतून, आणि बी.ए. १९६१ मध्ये, म्हणजे पन्नाशी ओलांडल्यावर, कोसबाडचे काम सांभाळून. कस्तुरबा ट्रस्टच्या बोरिवलीच्या शिबिरात त्यांची ताराबाईंशी गाठ पडली आणि पुण्यातली स्थिर नोकरी सोडून त्या बोर्डीला आल्या. १९९२ मध्ये मृत्यू येईपर्यंत, म्हणजे सत्तेचाळीस वर्षे, त्या या भागातून हलल्या नाहीत. ताराबाईंकडे दृष्टी होती, शास्त्र होते. ते शास्त्र पाड्यावर रोज उठून चालवायचे काम अनुताईंनी केले.

आणि ते चालवताना पहिल्याच फटक्यात लक्षात आले की शास्त्र जसेच्या तसे चालणार नाही. माँटेसरी पद्धतीची साधने महाग. गुळगुळीत लाकडी ठोकळे, मणी, चौकटी आणायच्या कुठून? त्यांच्या जागी खडे, चिंचोके, शंख-शिंपले, पाने, काटक्या आल्या. पाड्यावरचे मूल चिंचोके मोजायला आधीच शिकलेले असते, फक्त त्याला कोणी गणित म्हणत नाही. शिक्षिकेचा दिवस पाटीने सुरू होत नसे. आधी मुलांची तोंडे धुवायची, आंघोळ घालायची, नखे कापायची, केसातल्या जटा सोडवायच्या, खरजेला औषध लावायचे. गाणी-गोष्टी त्यानंतर. ज्या आईच्या दारातच हे सगळे घडते, ती चार दिवस दुरून बघते आणि पाचव्या दिवशी स्वतः पाणी तापवून ठेवते.

मुले शाळेत येत नाहीत, म्हणून शाळा त्यांच्या अंगणात न्यायची. ही अंगणवाडी. बालवाडीची मुले अशी मिळू लागली. मोठी मुले मात्र हाती लागेनात. सात-आठ वर्षांचा मुलगा सकाळी मालकाची गुरे घेऊन रानात जातो, त्याच्या बदल्यात त्याला खायला मिळते. त्याला शाळेत बसवणे म्हणजे त्याच्या ताटातला घास काढणे. तेव्हा या बायकांनी ठरवले की शाळाच गुरांमागे न्यायची.

कुरणशाळा ही या टेकडीची सगळ्यांत हट्टी, सगळ्यांत सुंदर युक्ती. शिक्षक कुरणात जातो, झाडाखाली बसतो, मुले त्याच्याभोवती. पण गुरे काही धडा संपायची वाट बघत नाहीत. एखादी गाय उभ्या भातात शिरली, तर मार पोराला बसणार. त्यामुळे धडाही तसाच बेतायचा: छोटा, तुटक, मध्येच सोडून पळता येईल आणि परत येऊन जोडता येईल असा. गुरे मोजणे हेच अंक, सावली सरकणे हेच घड्याळ, रानातली झाडे-पाखरे हाच परिसर अभ्यास. वेळापत्रक शिक्षणखात्याचे नव्हे, गुरांचे. मुलाच्या कामाला शिक्षणातला अडथळा मानायचे सोडून शाळेनेच त्या कामाच्या तालाने चालायचे, एवढा मोठा फेर इथे शांतपणे घेतला गेला. आज समुदाय सहभागावर लिहिलेल्या जाडजूड अहवालांत इतका थेट विचार क्वचित सापडतो.

मुलींची अडचण वेगळी. त्यांच्या कडेवर धाकटे भावंड असे. त्याला सोडून येता येत नाही, आणि घेऊन आले तर वर्गात रडारड. मग पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली. तिला विकासवाडी म्हटले. बहीण दुसरीत अक्षरे गिरवते आणि तिचे भावंड पलीकडच्या खोलीत झोळीत झोपते. जे शिकले, त्यांतले काही पुढे शिक्षक झाले. टेकडीवर बालसेविकांचे प्रशिक्षण सुरू झाले, पुढे मूकबधिर मुलांची शाळा निघाली. गोखले एज्युकेशन सोसायटीचे कृषी विज्ञान केंद्रही याच परिसरात शेतकऱ्यांना रोपे, कलमे आणि प्रशिक्षण पुरवत आले आहे. ऐंशीच्या दशकात अनुताई आणि रमेश पानसे यांनी ग्राममंगल ही संस्था उभी केली आणि डहाणूतल्याच ऐने-दाभोणच्या भागात नवे प्रयोग सुरू झाले. अनुताईंना १९८४ मध्ये पद्मश्री मिळाली.

त्याआधीची, २ ऑक्टोबर १९७५ ची गोष्ट. केंद्र सरकारने एकात्मिक बाल विकास सेवा योजना ३३ प्रकल्पांपासून सुरू केली, आणि तिच्या केंद्रांना नाव दिले अंगणवाडी. डहाणू तालुक्यातल्या पाड्यांवर घडलेली गोष्ट देशभर गेली. आज देशात तेरा लाखांहून अधिक अंगणवाड्या आहेत. शिक्षणाच्या इतिहासात महाराष्ट्राच्या एका आडबाजूच्या तालुक्याने देशाला इतके दिल्याचे दुसरे उदाहरण शोधावे लागेल, आणि तरी बोईसर स्टेशनावर उतरणाऱ्या कॉलेजच्या मुलांतल्या किती जणांना ते ठाऊक असेल, याची काळजी वाटते.

त्याहून मोठी काळजी खुद्द अंगणवाडीची आहे. पालघर १ ऑगस्ट २०१४ रोजी स्वतंत्र जिल्हा झाला. लोकसंख्या तीस लाखांच्या घरात, त्यातले सुमारे ३७ टक्के आदिवासी. १९९२ मध्ये जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी राज्य हादरले, आणि तेव्हापासून या भागातली अंगणवाडी सर्वांत आधी कुपोषणाशी लढते. ते बरोबरच आहे. उपाशी मुलाला गाणी शिकवून काय होणार? पण त्या लढ्याचा सारा हिशेब सेविकेच्या अंगावर पडला. वजन, उंची, दंडाचा घेर, तीव्र आणि मध्यम कुपोषित मुलांची म्हणजे सॅम-मॅमची यादी, लसीकरण, गरोदर मातांची नोंद, घरपोच आहार, अमृत आहार, आणि हे सगळे पुन्हा मोबाईलवर पोषण ट्रॅकरमध्ये. आता घरपोच आहारासाठी लाभार्थीचा चेहराही फोनला ओळखावा लागतो. जव्हार-मोखाड्याच्या ज्या दरीत नेटवर्क येत नाही, तिथे सेविका बाळाच्या आईला घेऊन टेपाडावर चढते, फोन उंच धरते आणि फिरणारे चक्र थांबायची वाट बघते. तेवढ्यात खालच्या खोलीत तीन ते सहा वर्षांची मुले मदतनीस बाईच्या भरवशावर असतात. ज्या शिक्षिकेला अनुताईंनी चिंचोके मोजायला बसवले, तिचा वेळ आता नोंदी खातात.

या कामाला पगार नाही, मानधन आहे. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी सेविकांना ग्रॅच्युइटीचा हक्क असल्याचे सांगितले. तरीही ४ डिसेंबर २०२३ पासून महाराष्ट्रातल्या सेविका-मदतनीस संपावर गेल्या आणि जानेवारीच्या अखेरीपर्यंत मागे हटल्या नाहीत. पाड्यावरची सर्वांत शिकलेली, सर्वांच्या घरात प्रवेश असलेली बाई जर स्वतःच्या मानधनासाठी रस्त्यावर बसते, तर तिच्या हाती दिलेल्या मुलांविषयी आपल्याला नेमके काय वाटते, हे सरकारने आणि समाजाने स्वतःला विचारायला हवे.

बोईसरमध्ये अडचणीचे रूप बदलते. तारापूर एमआयडीसीच्या भोवती चाळी उभ्या आहेत, त्यांत उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशाहून आलेली कुटुंबे. एका खोलीत राहणारे आई-बाप पाळीवर जातात, मूल शेजारणीकडे. इथे अंगणवाडी असली तरी अंगण नाही, आणि सेविकेपुढे बसलेली मुले भोजपुरी, उडिया, वारली, मराठी अशा चार भाषा बोलतात. कोसबाडला वारली बोली शिकून घ्यायला निदान वेळ होता. इथे दर सहा महिन्यांनी अर्धी चाळ बदलते. कॉलेजच्या विद्यार्थ्यांचा खरा उपयोग व्हायचा तर इथे होईल: एका सत्रभर एकाच अंगणवाडीत ठरावीक दिवशी जाणे, नोंदींचा भार उचलणे, म्हणजे सेविकेला मुलांजवळ बसता येईल. फक्त त्या विद्यार्थ्याला श्रेयांक देताना कार्यक्रमाचे फोटो मागू नयेत, सेविकेला विचारावे.

सर्वांत अवघड प्रश्न दिवाळीनंतर सुरू होतो. भात झोडून झाले की जव्हार, मोखाडा, विक्रमगडचे पाडे रिकामे होऊ लागतात. शेठाकडून उचल घेतलेली असते, ट्रक येतो आणि कुटुंबे वाडा, वसई, भिवंडीच्या वीटभट्ट्यांवर जातात. तिथे विटांच्या थराचीच खोपटी, तिला भोंगा म्हणतात. नव्वदच्या दशकात विधायक संसद या संस्थेने या मुलांसाठी भट्टीवरच भोंगाशाळा चालवल्या. कुरणशाळेचे ते थेट पुढचे पाऊल होते. २०२२ मध्ये राज्याने स्थलांतरित माता-बालकांचा मागोवा घेणारी संगणकीय प्रणाली आणली, पालघर तिच्यात सुरुवातीपासून आहे. सेविका कोण गेले ते नोंदवते. पण ज्या भट्टीवर मूल पोचते, तिथे बहुधा अंगणवाडी नसते. असली तर दोन-तीन किलोमीटरवर, आणि आईला विटा थापायच्या असतात. मे महिन्याच्या अखेरीस कुटुंबे परततात तेव्हा सेविकेला पुन्हा वजनापासून सुरुवात करावी लागते, आणि नोव्हेंबरात सॅममधून बाहेर पडलेले मूल कधी कधी पुन्हा त्याच यादीत शिरते. भट्टीचा हंगाम दरवर्षी ठरलेला आहे, भट्ट्यांच्या जागा तहसीलदाराला ठाऊक आहेत. तेव्हा तिथली तात्पुरती अंगणवाडी आणि पाळणाघर भट्टी पेटण्याआधी मंजूर व्हायला हवे. स्थलांतरितांची यादी वरून खाली येईपर्यंत थांबले, तर तोवर पाऊस लागतो.