आलेख वाढत नसतो

सत्काराच्या भाषणात शाल-श्रीफळाइतकाच ठरलेला असतो तो 'यशाचा चढता आलेख'. मराठीत आलेख चढतो, उंचावतो, खालावतो, आणि कुणाला त्यात काही खटकत नाही. इंग्रजीत मात्र 'द ग्राफ इन्क्रीझ्ड' असं लिहिलं की परीक्षकाच्या कपाळावर आठी पडते. ग्राफ बिचारा कागदावर जिथं छापला तिथंच असतो. वाढतो तो चहाचा खप, नाहीतर विमानप्रवाशांची संख्या, नाहीतर घरभाडं. आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेच्या सरावाच्या वह्या तपासायला घेतल्या की माझी पहिली लाल खूण बहुतेक वेळा याच वाक्यावर पडते.

नाशकात घरीच चार-सहा मुलामुलींकडून या परीक्षेची तयारी मी करून घेतो. १९८९ साली सुरू झालेल्या या परीक्षेत परदेशी शिकायला जाणाऱ्यांसाठी जो लेखनाचा पेपर असतो, त्याचा पहिला प्रश्न म्हणजे एक आलेख, तक्ता किंवा नकाशा. त्यात काय दिसतं ते किमान दीडशे शब्दांत मांडायचं. वीस मिनिटांत उरकावं अशी सूचना असते. गुण चार निकषांवर: विचारलेलं सांगितलं का, मांडणी सुसंगत आहे का, शब्दसंपत्ती, आणि व्याकरण. म्हणजे शब्दांचा वाटा पावच. पण क्लासच्या नोट्स पाहाव्यात तर सगळा भर शब्दांच्या यादीवर. 'राइज'ला पर्याय दहा, 'फॉल'ला पर्याय बारा. मुलं ती यादी पाढ्यांसारखी घोकतात आणि पेपरात मुठी भरभरून उधळतात. दोन टक्क्यांची वाढ 'स्कायरॉकेट' होते, सात वर्षांत सावकाश उतरलेली रेषा 'प्लमेट' होते.

हे शब्द अदलून बदलून वापरायचे नसतात, हे यादी सांगत नाही. मी मुलांना त्यांची मुळं दाखवतो. 'प्लमेट' म्हणजे मुळात गवंड्याचा ओळंबा, दोरीच्या टोकाचं शिशाचं वजन. हातातून सुटलं की ते सरळ खालीच जायचं. तेव्हा जवळजवळ उभी कोसळलेली रेषाच या क्रियापदाला शोभते. 'फ्लक्च्युएट'च्या पोटात लॅटिनमधली लाट आहे. रेषा एकदा वर आणि एकदा खाली गेली म्हणून लाटा होत नाहीत. 'ट्रफ' म्हणजे गुरांची गव्हाण, दोन उंच कडांमधली खोलगट जागा. दोन्ही बाजूंना चढ असेल तरच तो शब्द घ्यावा. 'स्लम्प' म्हणजे चिखलात रुतणं. त्यात पडणं आहे आणि लवकर न उठणंही आहे. 'प्लॅटो' समजावताना मी पाचगणीचं टेबललँड आठवायला सांगतो. आधी घाट चढायचा, मग सपाटी. पहिल्यापासून आडवी असलेली रेषा 'प्लॅटो' होत नाही, ती नुसती 'रिमेन्ड स्टेबल'.

आपल्याकडे अशी उतरंड नाही असं थोडंच आहे? भाव नरमतात, उतरतात, घसरतात, कोसळतात, गडगडतात. वर जाताना ते वधारतात, उसळी घेतात, कडाडतात. बाजारभावाचा रकाना वाचणारा कुणीही शेतकरी 'नरमले' आणि 'गडगडले' यांत घोळ करणार नाही. इंग्रजीत तेच 'ईझ्ड' आणि 'प्लमेटेड'. शब्दाची ताकद घटनेच्या ताकदीएवढी ठेवायची ही जाण मुलांच्या घरातच असते. ती इंग्रजीत नेता येते, एवढं कुणी सांगितलेलं नसतं.

हे मला एका मुलीमुळे नीट कळलं. निफाडकडची, घरी कांदा. हुशार, पण आलेखावर लिहिताना 'बाय' आणि 'टू' हमखास चुकायची. १३०० वरून ११०० वर आलेल्या भावाला ती 'डिक्रीज्ड टू २००' लिहायची, कधी 'विथ २००' लिहायची. दोन आठवडे नियम सांगून मी थकलो. मग एकदा सहज विचारलं, "काल लासलगावला भाव काय निघाला गं?"

"दोनशेनं उतरला सर, अकराशेवर आला. आवक लई वाढली ना."

"आता हेच इंग्रजीत सांग."

ती थांबली. वहीवर बोट ठेवून पुटपुटली, "दोनशेनं... बाय टू हंड्रेड. अकराशेवर... टू इलेव्हन हंड्रेड." आणि हसली. "सर, 'नं' म्हणजे 'बाय' आणि 'वर' म्हणजे 'टू'!"

'वरून' म्हणजे 'फ्रॉम' हे तिला सांगावंच लागलं नाही. आपला तृतीयेचा प्रत्यय फरक सांगतो, 'वर' मुक्काम सांगतो. मराठी मुलांना हा नियम नव्यानं शिकवावा लागत नाही, तो बाजार समितीतून वर्गात आणावा लागतो. त्या दिवसापासून आमच्या वर्गात 'बाय-टू'चा धडा कांद्याच्या भावावरच होतो.

एका ठिकाणी मात्र आपली मराठीच घसरते. 'उत्पादन दुपटीनं वाढलं' म्हणजे शंभराचे दोनशे झाले की तीनशे? प्रत्ययाचं ऐकलं तर तीनशे, लिहिणाऱ्याच्या मनात बहुधा दोनशे. इंग्रजीत सरळ 'डबल्ड' लिहावं. मराठीतही 'दुप्पट झालं' म्हणावं, वाद मिटतो.

दुसरी जोडी 'राइज' आणि 'रेझ'. हीही आपल्याला परकी नाही. पडणं-पाडणं, चढणं-चढवणं, वाढणं-वाढवणं. व्याजदर वाढतो, तो 'राइज'. रिझर्व्ह बँक तो वाढवते, ते 'रेझ'. रेपो दराचा आलेख मी मुद्दाम देतो, कारण तो नदीसारखा वाहत नाही, जिन्यासारखा चढतो. मे २०२० पासून जवळजवळ दोन वर्षं तो ४ टक्क्यांवर आडवा. मे २०२२ मध्ये नेहमीच्या वेळापत्रकाबाहेर बैठक घेऊन बँकेनं तो ४.४० वर नेला, आणि पायरी पायरीनं फेब्रुवारी २०२३ पर्यंत ६.५० वर. मग दोन वर्षं पुन्हा सपाटी, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये पाव टक्क्यानं खाली. इथं 'प्लॅटो' अगदी चपखल बसतो.

याच जिन्यावर सर्वांत सोपी ठेच लागते. ४ चे ६.५ झाले, तर वाढ किती? 'अडीच टक्के' असं आपण म्हणतो, बातमीत तसंच छापून येतं, आणि पाव टक्का, पाऊण टक्का ही आपली मोजणी कानाला गोडही लागते. इंग्रजीत लिहिताना मात्र ते अडीच 'पर्सेंटेज पॉइंट्स'. 'पर्सेंट' म्हटलंत तर ४ च्या मानानं ती वाढ ६२.५ टक्के. मराठीत 'टक्केबिंदू' हा शब्द आहे, पण बोलण्यात कुणी घेत नाही. बातमीला चालून जातं. परीक्षेत आकडा चुकला असंच धरतात.

काळाचं थोडक्यात. 'विक्री २०१५ साली वाढली आहे' हे मराठीत ऐकवतं. इंग्रजीत संपलेल्या वर्षाला साधा भूतकाळच लागतो, आणि 'हॅज' फक्त आजपर्यंत पोचणाऱ्या रेषेला. '२०१० पर्यंत दुप्पट झाली होती' याला 'बाय २०१०... हॅड डबल्ड'. इथला 'बाय' म्हणजे 'पर्यंत', मघाचा 'नं' नव्हे, ही सूचना दर बॅचला तीनदा द्यावी लागते. 'शार्प राइज' आणि 'रोझ शार्पली' ही अदलाबदल मुलं आठवड्यात शिकतात. 'अ शार्प राइज'मधला तो 'अ' मात्र महिनोन्महिने गळतो. आपल्या भाषेत त्याची जागाच नाही, तर तो आठवणार कुठून? उलट 'द इयर २०२० सॉ अ फॉल' ही वर्षाला डोळे देणारी रचना मुलांना भारी आवडते. इंग्रजीत ती चालते. आमच्या वर्तमानपत्रांनी तिचं '२०२० या वर्षानं घसरण पाहिली' केलं आहे, ते वाचताना मला अजून खटकतं. वर्षात घसरण झाली, एवढं पुरे होतं की.

आता शेअर बाजार. २३ मार्च २०२० रोजी, टाळेबंदीच्या तोंडावर, सेन्सेक्स ३९३५ अंशांनी कोसळला. ४ जून २०२४ रोजी, लोकसभेच्या मतमोजणीदिवशी, तो ४३९० अंशांनी पडला. मोठी पडझड कोणती? अंश मोजले तर दुसरी. पण पहिल्या दिवशी निर्देशांक १३ टक्क्यांहून अधिक खाली गेला होता, दुसऱ्या दिवशी पावणेसहा टक्क्यांच्या आसपास. एकच क्रियापद दोन्हीकडे लावणारा एकतर घाईत असतो, नाहीतर त्याला मथळा हवा असतो. उभ्या अक्षाची सुरुवात शून्याऐवजी सत्तर हजारांपासून केली की लहानसा उतारही कडा दिसतो. आकड्यांच्या अशा लबाड्यांवर डॅरल हफ यांनी १९५४ मध्येच एक चटकदार पुस्तक लिहून ठेवलं आहे. म्हणून मुलांना माझं पहिलं सांगणं असतं: क्रियापद निवडण्याआधी अक्ष वाच.

अक्षावर काय मोजलं आहे, यातही फसगत होते. एप्रिल २०२२ मध्ये किरकोळ महागाईचा दर ७.७९ टक्के होता, पुढच्या वर्षीच्या मे महिन्यात तो साडेचारच्या खाली आला. 'महागाई उतरली' हे वाचून गृहिणी पिशवी घेऊन निघते आणि वाणी तिला कालच्याहून जास्तच पैसे सांगतो. उतरला तो वाढीचा वेग, भाव नव्हे. महाराष्ट्राची लोकसंख्याही तशीच. १९९१ ते २००१ या दशकात ती २२.७३ टक्क्यांनी वाढली, पुढच्या दशकात १५.९९ टक्क्यांनी. खाली जाणारी रेषा पाहून माझ्या एका विद्यार्थ्यानं 'पॉप्युलेशन डिक्लाइन्ड' लिहून टाकलं. प्रत्यक्षात आपण ९ कोटी ६९ लाखांवरून ११ कोटी २४ लाखांवर गेलो होतो.

रेषेनं गोष्ट सांगायची ही युक्ती फार जुनी नाही. विल्यम प्लेफेअर या स्कॉटिश माणसानं १७८६ मध्ये एका पुस्तकात इंग्लंडच्या व्यापाराचे आकडे रेषांत मांडले. तरुणपणी तो जेम्स वॉटकडे आराखडे काढायच्या कामावर होता, त्यामुळे हात सरावलेला. त्याच पुस्तकात स्कॉटलंडचे अनेक वर्षांचे आकडे हाताशी नव्हते म्हणून त्यानं एकाच वर्षाचे पट्टे काढले, आणि आजचा स्तंभालेख जन्मला. १८०१ मध्ये त्याचाच वर्तुळालेख आला. आकड्यांची रांग वाचून लक्षात राहत नाही, आकृती पाहून राहते, हा त्याचा सगळा आग्रह.

आकृती काय झालं ते सांगते, का झालं ते सांगत नाही. परीक्षेतही 'का' लिहायचं नसतं. आलेखात दिसत नाही ते मांडलं तर गुण जातात. मराठी मुलांना हे सर्वांत जड जातं. आम्हाला कारणाशिवाय बोलताच येत नाही. कांदा उतरला म्हटलं की लगेच आवक.

परवा भारताच्या जनगणनेचा आलेख दिला होता. विसाव्या शतकात ती रेषा सतत चढते, फक्त एका ठिकाणी किंचित वाकते. १९११ ला २५ कोटी २१ लाख, १९२१ ला २५ कोटी १३ लाख. निफाडच्या मुलीनं लिहिलं, 'आफ्टर अ स्लाइट डिप इन १९२१, द पॉप्युलेशन रोझ स्टेडिली.' काळ बरोबर, 'अ' जागेवर, क्रियाविशेषण बरोबर. पाऊण कोटीही नाही, फक्त आठ लाखांची घट. 'स्लाइट'च तो.

लाल पेन टेकवायला जागाच नव्हती. वही परत घेताना तिनं विचारलं, "सर, त्या दहा वर्षांत काय झालं होतं?"

१९१८ च्या जूनमध्ये मुंबई बंदरातून शिरलेली इन्फ्लुएंझाची साथ, रेल्वेनं ती कशी पसरली, देशभरात गेलेले एक कोटीहून अधिक जीव, हे सगळं मी तिला सांगितलं. ती वाक्याकडे पाहत राहिली. मग 'स्लाइट'खाली पेन्सिलीनं एक बारीक रेघ ओढली आणि वही मिटली.